कोॲक्स लावली म्हणून नॉइज जात नाही

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत शॉर्टवेव्ह रेडिओवर लेख आला याचा खरंच आनंद झाला, पण त्यातला एक सल्ला खटकला, की अँटेनापासून रेडिओपर्यंतची जुनी चपटी दोन तारांची ट्विन लीड काढून कोॲक्स, म्हणजे टीव्हीला असते तशी गोल केबल लावा, तिला शिल्ड म्हणजे धातूच्या जाळीचं आवरण असतं म्हणून घरातली खरखर, म्हणजे नॉइज, बंद होते. हे अर्धंच खरं आहे आणि नवीन माणूस यात हमखास फसतो.

डायपोल म्हणजे मधून केबल जोडलेली दोन तारांची अँटेना. तिचे दोन्ही हात सारखे, म्हणजे ती बॅलन्स्ड. ३०० ओहमची ट्विन लीड किंवा ४५० ओहमची लॅडर लाइन (शिडीसारखी दोन तारांची केबल) हीही तशीच, बाहेरचा नॉइज दोन्ही तारांवर सारखाच बसतो आणि रिसीव्हरचा इनपुटही बॅलन्स्ड असेल तर तिथे तो कटतो. फक्त ती लोखंडी ग्रिलला खेटून नेली की सगळा बॅलन्स बिघडतो, आणि बहुतेक सेटना कोॲक्सचंच सॉकेट असतं, मग सेटपाशी बालन, म्हणजे बॅलन्स्ड आणि अनबॅलन्स्ड यांना जोडणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, लावावा लागतो.

कोॲक्स अनबॅलन्स्ड, तिच्या आतली तार आणि शिल्ड सारखे नसतात. आतला सिग्नल शिल्डच्या आतल्या अंगाने वाहतो, पण शिल्डचं बाहेरचं अंग या फ्रिक्वेन्सीला वेगळीच तार असल्यासारखं वागतं, आणि एलईडी बल्ब, चार्जर, राउटरचा ॲडॅप्टर या सगळ्यांचा कचरा अर्थिंगमधून त्यावर चढतो, वर डायपोलपर्यंत जातो आणि तिथून सिग्नलबरोबर आत शिरतो. कोॲक्स कितीही भारी घ्या, हे थांबत नाही! त्यासाठी डायपोलच्या मधल्या जोडावरच १:१ करंट बालन, म्हणजे शिल्डच्या बाहेरून येणारा करंट अडवणारा बालन हवा, नाहीतर केबलचे काही वेढे फेराइट रिंगमधून घ्यायचे. लाँग वायरला, म्हणजे एकाच लांब तारेच्या अँटेनाला, ९:१ ट्रान्सफॉर्मर, दोन्ही वाइंडिंग वेगळी असलेला, आणि अर्थची सळई तिथेच बाहेर, घराच्या अर्थिंगला जोडायची नाही.

५० ओहमची कोॲक्स की ७५ ओहमची यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, नुसतं ऐकायचं असेल तर त्यात अर्थ नाही. डायपोल तशीही ७३ ओहमच्या आसपास असते, टीव्हीची ७५ ओहमची केबल मस्त चालते. १० मेगाहर्ट्‌झच्या खाली आकाशातलाच नॉइज इतका असतो की लाइनमध्ये एकदोन डेसिबल गेले तर सिग्नल आणि नॉइज दोन्ही सारखेच खाली येतात, ऐकण्यात फरक पडत नाही.

आणि तपासायला मीटर लागत नाही. वरच्या टोकाला केबल अँटेनापासून पूर्ण सोडवा, खाली रेडिओला तशीच राहू द्या. तरी खरखर तेवढीच असेल किंवा स्टेशनं लागत असतील तर तुमची फीडलाइनच, म्हणजे ही केबलच, अँटेना झालीये. पुढच्या लेखात निदान एवढी टेस्ट तरी छापा ही विनंती.

आपला,
एक शॉर्टवेव्ह श्रोता