अर्नीकडे बघ

चि. सोहम यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू तुमच्या विनोदी जोडीबद्दल कुरकुरलास, "हशा सगळा त्यालाच मिळतो गं, मी नुसता फीड देत, त्याच्या विनोदाला वाक्यं पुरवत उभा." कुकर शिट्ट्या मारत होता, म्हणून तेव्हा "बरं बरं" म्हणून ठेवला. आज सावकाश लिहिते.

लीड्सला गेल्यावर तूच मला एरिक मोरकम आणि अर्नी वाइज या गाजलेल्या ब्रिटिश विनोदी जोडीची ती क्लिप पाठवली होतीस. १९७१चा नाताळ, बीबीसी. आंद्रे प्रेव्हिनसारखा नामांकित कंडक्टर, भरगच्च ऑर्केस्ट्रा आणि ग्रीगचा पियानो कॉन्चेर्टो वाजवायला बसलेला एरिक मोरकम. वाजवतो भलतंच. प्रेव्हिन हटकतो, तर हा उठून त्याची कॉलर धरतो आणि ऐकवतो, सूर सगळे बरोबरच वाजवतोय, क्रम मात्र तोच असेल असं नाही! तेव्हा मीही एरिककडे बघूनच हसले होते. काल परत लावली आणि फक्त अर्नी वाइजवर डोळे ठेवले. व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन येणार असं सांगून यांनी पाहुण्याला आणलंय, आता त्याच्यासमोर आपली शोभा होतेय, आणि हा गृहस्थ कोट सावरत सभ्यपणे उभा! तो असा अवघडला नसता, तर एरिकचा आगाऊपणा नुसता आगाऊपणाच राहिला असता.

आणि गंमत अशी की आधी नाव झालं होतं ते अर्नीचं. लहानपणापासून वडिलांबरोबर स्टेजवर, तेराव्या वर्षी थेट लंडनला. अर्नी ज्या कंपनीत होता, तिच्यात एरिक मागून आला. युद्धाचे दिवस, दोघांबरोबर एरिकची आई सेडी. आगगाडीत या कार्ट्यांची टकळी थांबेना, तेव्हा तिनेच सुचवलं की दोघं मिळून काहीतरी बसवा. १९४१ साली लिव्हरपूलला पहिला प्रयोग झाला, तेव्हा दोघंही पंधरा वर्षांचे. (आयांचं कधीमधी ऐकावं.)

१९५४ची त्यांची पहिली टीव्ही मालिका सपशेल पडली. एका पेपरात छापून आलं की टीव्ही म्हणजे मोरकम आणि वाइजला ज्या पेटीत घालून पुरलं ती पेटी. ते कात्रण एरिकने जन्मभर पाकिटात बाळगलं. १९६८ला त्याला हार्ट अटॅक आला. त्यानंतर त्यांना एडी ब्रेबन हा लेखक मिळाला आणि त्याने जे केलं ते तू नीट लक्षात घे. तोवर अर्नी नुसता फीड द्यायचा, अगदी तुझ्यासारखा. ब्रेबनने त्याला स्वभाव दिला. स्वतःला थोर नाटककार समजणारा, जरा कंजूष, फुशारकी मारणारा अर्नी. मग एरिकने त्याच्या नसलेल्या विगवरून टोमणे मारले की हशा दोघांचा व्हायला लागला. १९७७च्या नाताळात २ कोटींहून जास्त लोकांनी त्यांना पाहिलं.

तेव्हा पुढच्या तालमीत जोडीदाराशी भांडू नकोस. संहिता घेऊन बस आणि बघ, तुझं पात्र आहे कोण? त्याला कशाचा तोरा आहे, कशाची लाज वाटते? मागच्या व्हिडिओत तू पंचच्या, म्हणजे विनोदाच्या शेवटच्या वाक्याच्या, आधीच हसतोस, तेवढं बंद कर. बाबांनीही पकडलं ते.

१९८४ साली एक प्रयोग संपवून विंगेत येताच एरिक कोसळला आणि गेला. अर्नी पुढे पंधरा वर्षं एकटा. मोरकम गावात, समुद्रकिनारी, एरिकचा पुतळा आहे, तोही एकटाच. दोघांचा एकत्र पुतळा ब्लॅकपूलला आहे. आणि अर्नीचा तुझ्या अगदी जवळ, मोर्लीला. रविवारी जोडीदाराला घेऊन जाऊन ये, फोटो पाठव. मोठा कोट घालून जा, नुसत्या हुडीवर नको.

तुझी,
आई