मंत्रिमहोदय, दुसऱ्या दिवशीचं युरिया कोण बघतं?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : स्वादुपिंडाला अचानक सूज आलेल्या रुग्णांची २४ तासांनी फेरतपासणी होण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. मी एका तालुक्याच्या गावात पॅथॉलॉजी लॅब चालवते. पोटाच्या वरच्या भागात कळ, ती थेट पाठीत जाते, उलट्या थांबत नाहीत, अशा रुग्णाचं रक्त माझ्याकडे येतं तेव्हा फॉर्मवर हमखास अमायलेज लिहिलेलं असतं, कधी जोडीला लायपेज; ही दोन्ही स्वादुपिंडाची पाचक द्रव्यं. रिपोर्ट हजाराच्या वर गेला की नातेवाइकांचे चेहरे पडतात. मग मोठ्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर तोच आकडा चढतो : ‘अमायलेज १४००. पुढील उपचारासाठी पाठवत आहे.’ बाकी चिठ्ठी कोरी.

अमायलेज निदानापुरतं कामाचं. ते नेहमीच्या मर्यादेच्या तिपटीवर गेलं की स्वादुपिंडाला सूज आहे असं म्हणायला आधार मिळतो. आजार पुढे किती बिघडणार, हे मात्र त्यातून कळत नाही. चौदाशेवाला चार दिवसांत भात खाऊन घरी जाऊ शकतो आणि चारशेवाला व्हेंटिलेटरवर. तरीही रोज सकाळी अमायलेज पुन्हा मागवलं जातं. माझा धंदाच तपासण्यांचा, त्यामुळे हे मी सांगणं जरा विचित्र वाटेल. पण हा खर्च वाया जातो.

या आजारात पाचांपैकी साधारण चार जण सलाईन, वेदनाशामक आणि वेळेवर सुरू केलेल्या खाण्यापिण्यावर बरे होतात. प्रश्न उरलेल्या एकाचा असतो. २०१२ च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणानुसार फुफ्फुस, किडनी किंवा रक्ताभिसरण ४८ तासांहून जास्त काळ निकामी राहिलं, तर आजार गंभीर मानतात. तोवर थांबून मग गाडी बोलावली तर उशीर झालेला असतो. म्हणून तो एक जण आधी ओळखायला हवा. बाकीच्या चौघांना घाबरून शंभर किलोमीटर दूर पाठवायचं, तर तिथला आयसीयूचा बेड त्या एकाला मिळत नाही.

ओळखायची साधनं आपल्याकडे आहेत, तीही सगळ्यात स्वस्त. या सुजेत रक्तवाहिन्यांतलं पाणी झिरपून पोटात उतरतं. रक्त घट्ट होतं, म्हणून सीबीसी या रक्तपेशींच्या तपासणीतला पीसीव्ही, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का, चढतो. किडनीला रक्त कमी पडतं, म्हणून तिने बाहेर टाकायचे युरिया आणि क्रिएटिनिन रक्तात चढतात. सलाईन चालू असताना २४ तासांनी हे आकडे उतरले तर बहुधा निभावतं. युरिया चढतच राहिलं तर धोका. बीयूएन, म्हणजे रक्तातल्या युरियातला नायट्रोजन, पहिल्या २४ तासांत डेसिलिटरला ५ मिलिग्रॅमने वाढलं की मृत्यूची शक्यता साधारण दुपटीने वाढते, असं अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं आहे. तिथेच छत्तीस हजारांवर रुग्णांच्या नोंदींवरून २००८ मध्ये ‘बायसॅप’ ही गुणपद्धत आली. तिच्यात बीयूएन, शुद्ध, वय, छातीतलं पाणी आणि नाडी-श्वास-ताप-पांढऱ्या पेशी यांचा मेळ, एवढंच बघतात. १९७४ च्या रॅन्सनच्या अकरा निकषांसाठी ४८ तास थांबावं लागतं, बायसॅपला एक दिवस पुरतो. पहिल्याच तासाला श्वास वाढलेला असेल किंवा लघवी होत नसेल, तर अर्थातच कुठल्याही रिपोर्टची वाट न बघता रुग्ण हलवायचा.

आता आमच्याकडची गोम. इंग्रजी पुस्तकात आकडा बीयूएनचा असतो. आमच्या बहुतेक लॅब ‘ब्लड युरिया’ छापतात. दोन्हींत २.१४ पटींचा फरक आहे. म्हणजे बायसॅपमधली बीयूएनची २५ ची रेषा आमच्या कागदावर सुमारे ५३ ला पडते. नवीन डॉक्टर युरिया ३० बघून घाबरतो आणि रुग्ण उगाच हलतो. सूज मोजणाऱ्या सीआरपी या रक्ततपासणीची तऱ्हा त्याहून वाईट. ४८ तासांनंतर सीआरपी लिटरला १५० मिलिग्रॅमच्या वर गेलं तर आजार गंभीर वळण घेतोय असं समजतात. पण बऱ्याच छोट्या लॅबमध्ये काचेवर थेंब टाकून नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहून देतात. २० असो की ३००, उत्तर तेच. काही यंत्रं डेसिलिटरमध्ये आकडा देतात, मग १५० चं १५ होतं आणि वाचणारा निर्धास्त राहतो.

पीसीव्हीबाबतही सांगते. ४४ टक्क्यांची रेषा, त्यावर गेलं की धोका, सगळीकडे दिलेली असते. आमच्याकडे आठ हिमोग्लोबिन असलेली बाई येते. रक्त कितीही घट्ट झालं तरी ती ४४ ला पोचणार नाही. तिच्या बाबतीत कालच्या आणि आजच्या आकड्यातला फरकच बघावा लागतो. म्हणून माझा सगळा आग्रह दुसऱ्या नमुन्यासाठी आहे.

१५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, हे चांगलं झालं. गावोगावच्या केंद्रांतून नमुने गाडीने मोठ्या लॅबला जातात, तिथून रिपोर्ट येतो. थायरॉइड, साखर यांसाठी ही सोय उत्तम. पण शनिवारी रात्री पोट धरून आलेल्या माणसाचं रविवारी रात्रीचं युरिया सोमवारी संध्याकाळी समजून काय उपयोग? यासाठी ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयातच साधं ॲनालायझर, रिएजंट आणि रात्रपाळीला टेक्निशियन हवा. यंत्र धूळ खात पडलेलं आणि टेक्निशियनचं पद रिकामं, हे चित्र आपण दौऱ्यात पाहिलंच असेल.

सलाईनचाही याच आकड्यांशी संबंध आहे. धडाधड बाटल्या चढवल्या की रुग्ण वाचतो, हा समज २०२२ च्या ‘वॉटरफॉल’ चाचणीने मोडला. त्यात रिंगर लॅक्टेट हे सलाईन जास्त दिलेल्यांपैकी २०.५ टक्के रुग्णांच्या अंगात पाणी साठलं, बेताने दिलेल्यांपैकी ६.३ टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली. किती द्यायचं हे नाडी, लघवी, युरिया आणि पीसीव्ही बघून ठरवायचं, आणि त्यासाठी पुन्हा दुसरा नमुना लागतोच.

महागड्या किटची मागणी कुणी केली तर कृपया भुलू नका. इंटरल्यूकिन-६ ही सुजेची तपासणी आमच्या तालुक्यात नको. प्रोकॅल्सिटोनिन ही तपासणी संसर्गाची शंका असलेल्या आयसीयूतल्या रुग्णापुरती ठेवावी, सरसकट नको.

मागणी एका परिपत्रकाची आहे. दाखल होताना आणि २४ तासांनी युरिया, क्रिएटिनिन, सीबीसी, जिल्हा रुग्णालयात ४८ तासांनी आकड्यातलं सीआरपी, अमायलेज एकदाच. चिठ्ठीच्या छापील नमुन्यात दोन रकाने, प्रत्येकात नमुना घेतल्याची वेळ आणि एकक आधीच छापलेलं : ‘युरिया, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर’. दुखणं कधी सुरू झालं आणि सलाईन किती गेलं, यासाठी एक ओळ. चिठ्ठी ज्या वैद्यकीय महाविद्यालयात पोचते ते आपल्या खात्यात नाही, वैद्यकीय शिक्षण विभागात येतं. म्हणून परिपत्रक दोन्ही विभागांच्या सहीने निघावं. नाहीतर तिथला निवासी डॉक्टर आमचा कागद बाजूला ठेवून पहिल्यापासून सुरुवात करेल, अमायलेजपासून.

आपली विश्वासू,
तालुक्याच्या गावातील एक पॅथॉलॉजिस्ट