बाबा सहाव्या रांगेत, मी एकोणिसाव्या: विमान वाहतूक राज्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

साहेब, तुम्ही मराठी आहात म्हणून हे पत्र मराठीत. इंग्रजीतला एक मेल विमान कंपनीला आधीच केलाय, त्याला काय उत्तर आलं ते पुढे सांगतेच. तुम्ही कामात असणार हे समजतं, पण हे शेवटपर्यंत वाचा एवढी विनंती आहे. यात मी नुकसानभरपाई मागितलेली नाही आणि कोणाला नोकरीवरून काढा असंही म्हटलेलं नाही.

माझे वडील ७६ वर्षांचे आहेत आणि त्यांना पार्किन्सन्स आहे. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते, यात गोळीची वेळ म्हणजे वेळ. थोडं इकडेतिकडे झालं की शरीर आखडायला लागतं, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, माणूस मनात शंभर वेळा उठतो पण प्रत्यक्षात उठता येत नाही. दिल्लीला एका डॉक्टरांना दाखवायचं होतं, ट्रेनचा एवढा लांबचा प्रवास त्यांना झेपत नाही म्हणून विमानाची तिकिटं काढली. एकाच पीएनआरवर. सीटचे वेगळे पैसे भरले, दोघांच्या शेजारीशेजारी, त्यांना कडेची आणि मला मधली. हे मुद्दाम लिहितेय कारण लगेच कोणीतरी म्हणणार की चारशे-पाचशे रुपये वाचवायला जाता आणि मग रडत बसता. पैसे भरले होते. आधी भरले होते, पावती आहे.

निघायच्या आदल्या रात्री मेसेज आला की विमान बदललंय. वेळ तीच, फ्लाइट नंबर तोच, फक्त विमान दुसऱ्या प्रकारचं, आणि त्यामुळे सीट नव्याने दिल्यात. बाबा सहाव्या रांगेत, मी एकोणिसाव्या. हेल्पलाइनवर कितीतरी वेळ म्युझिक ऐकलं, शेवटी एक मुलगा फोनवर आला आणि म्हणाला मॅम, एअरपोर्टला काउंटरवर सांगा. काउंटरवर म्हणाले गेटवर सांगा. गेटवर म्हणाले आत गेल्यावर क्रूला सांगा. आणि आत ती एअर होस्टेस म्हणाली की कोणी स्वतःहून बदलून देत असेल तर विचारून बघा. म्हणजे ज्या गोष्टीचे मी कंपनीला पैसे मोजले होते ती मला भर विमानात लोकांकडे भीक मागून मिळवायची होती.

मागितली. सहाव्या रांगेतल्या दोघांना हात जोडले. एकजण म्हणाले ताई, मी पण एक्स्ट्रा पैसे भरून ही पुढची सीट घेतलीय, तुमच्या एकोणिसाव्या रांगेतल्या मधल्या सीटवर कशाला जाऊ. आणि साहेब, मी त्यांना दोष देत नाही, त्यांचं बरोबरच होतं. पण बघा काय झालंय, पूर्वी विमानात माणसं म्हाताऱ्या माणसासाठी पटकन उठायची, आता प्रत्येक सीटवर किंमत चिकटवून ठेवल्यामुळे चांगुलपणा करायचा म्हटलं तरी खिशातून जातो. कंपनीचा घोळ आणि भांडायचं आपण प्रवाशांनी आपसात.

गोळी मी त्यांच्या शर्टाच्या खिशात देऊन ठेवली होती. वेळ झाली तेव्हा नेमका सीटबेल्टचा दिवा लागलेला, विमान हलत होतं, क्रूसुद्धा बसलेला. मी मागून मान उंच करून फक्त त्यांचं टक्कल बघत होते. मी वरचं बटण दाबलं, दोनदा उठायला गेले, दोन्ही वेळा बसा म्हणून अनाउन्समेंट झाली. दिवा विझल्यावर धावत पुढे गेले तर पट्टी त्यांच्या हातात तशीच, चांदी एका कोपऱ्यात अर्धवट फाटलेली, एक गोळी सीटखाली पडलेली आणि ते पायाने चाचपडत ती शोधत होते. शेजारच्याला सांगायची त्यांना लाज वाटली. आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं शिकवलेला माणूस, त्याला कोणाला "एवढी गोळी काढून देता का" म्हणता आलं नाही. पाऊण तास उशिरा गोळी गेली पोटात. उतरताना पाय हलेचनात. मी मागच्या लोंढ्यात अडकलेली, पुढे लोक "अंकल, साइड प्लीज" करत होते आणि ते पुढच्या सीटची पाठ धरून नुसते उभे.

विमानापर्यंत पोचायच्या आधीचं सांगायचं राहिलंच. व्हीलचेअर आधीच सांगून ठेवली होती, ती मिळाली, ढकलणारा मुलगाही चांगला होता, त्याच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण सिक्युरिटीला पोचलो की बायकांची रांग वेगळी आणि पुरुषांची वेगळी. असायलाच पाहिजे, बाईची झडती बाईनेच घ्यावी, यात वाद नाही. पण मग ज्या माणसाला सोबत लागते त्याची सोबत नेमकी तिथेच सुटते आणि त्याबद्दल कोणीही काहीही ठरवलेलं दिसत नाही. बायकांच्या बाजूला पडदा लावलेली एकच केबिन चालू, त्यामुळे आमची रांग तुंबलेली. पलीकडे बाबांना बेल्ट काढायला सांगितला, घड्याळ काढायला सांगितलं, खुर्चीतून उठून त्या चौकटीतून चालता येतं का विचारलं. ते मानी आहेत, चालतो म्हणाले. आणि मी अलीकडून बघतेय की माझे वडील एका हातात बोर्डिंग पास आणि दुसऱ्या थरथरत्या हाताने पँट धरून उभे आहेत, घसरू नये म्हणून, आणि जवान सांगतोय हात वर करा. मला जाऊ देत नव्हते. त्यांचा ट्रे पलीकडे बाहेर येऊन पडलेला, वर मागच्यांचे ट्रे येऊन आदळत होते. तो बेल्ट लावायला त्यांना कोणी नव्हतं.

जवानाची चूक म्हणत नाही मी. तोही तासन्‌तास उभा असतो, त्याला जे सांगितलंय ते तो करतो. चूक ज्यांनी ही व्यवस्था कागदावर आखली त्यांची आहे, त्यांनी प्रवासी म्हणून डोळ्यासमोर कोण धरला होता? एकटा, धडधाकट, एक लॅपटॉप आणि एक बॅग घेतलेला माणूस. आणि हे काही पहिल्यांदा समोर येत नाहीये. २०२१ मध्ये नृत्यांगना-अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी व्हिडिओ टाकला होता की दर वेळी मला कृत्रिम पाय काढायला लावतात, तेव्हा विमानतळांची सुरक्षा बघणाऱ्या सीआयएसएफने माफी मागितली. पण त्यांचा चेहरा लोकांना माहीत होता म्हणून ऐकलं तरी. बाकीच्यांचं कोण ऐकतं?

आता पैशांचं बोलू. देशांतर्गत प्रवासाच्या तिकिटात विमानतळ सुरक्षेचं शुल्क म्हणून २०० रुपये असतात, एप्रिल २०२१ पासून. २०२४ मध्ये देशात १६ कोटींच्या वर लोकांनी विमान प्रवास केला असे तुमच्याच डीजीसीएचे, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या संचालनालयाचे आकडे. गुणाकार करा, ३,२०० कोटी होतात, थोडे इकडेतिकडे असतील, आणि यात परदेशी जाणाऱ्यांचे डॉलरमधले पैसे धरलेले नाहीत. एवढ्या पैशात बायकांसाठी दुसरी केबिन चालू ठेवता येत नाही? झडती झाल्यावर म्हाताऱ्या माणसाला बेल्ट लावायला दोन मिनिटं टेकता येईल अशा चार खुर्च्या ठेवता येत नाहीत? मोठ्या विमानतळांवर नवी सीटी एक्सरे मशीन आणि बॉडी स्कॅनर बसवा म्हणून २०२३ च्या डिसेंबरअखेरची मुदत दिली होती, म्हणजे बॅगेतून सगळं काढायची कटकट जाणार होती. मुदत गेली, आम्ही अजून चार्जर आणि पॉवर बँक ट्रेमध्ये मांडतोय. २०२२ च्या डिसेंबरात दिल्लीच्या टी३ टर्मिनलवरच्या गर्दीचे फोटो देशभर फिरले तेव्हा त्या वेळचे मंत्री स्वतः पाहणी करायला गेले, मग मशीन वाढली, माणसं वाढली. फोटो फिरल्याशिवाय काही वाढतच नाही का?

डिजियात्रा हे मोबाइल ॲप आलं १ डिसेंबर २०२२ ला, चेहरा दाखवा आणि आत जा. पण ते कुठे, तर दारात, सिक्युरिटीच्या तोंडाशी आणि बोर्डिंगच्या वेळी कागद दाखवायच्या जागी. झडती आहे तशीच आणि तिथली रांगही तशीच. ज्याच्या हातात स्मार्टफोन धरवत नाही त्याला तर त्याचा काडीचा उपयोग नाही.

आणि सीटचं म्हणाल तर तुमच्या खात्याला हे सगळं माहीत आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये वेब चेकइनला जवळपास सगळ्याच सीटना पैसे लावायला सुरुवात झाली तेव्हा लोक चिडले होते, मंत्रालयाने सांगितलं आम्ही तपासतो. काय तपासलं ते आम्हाला सीटचे पैसे भरतानाच कळतं. जुलै २०२२ मध्ये काउंटरवर बोर्डिंग पास छापून द्यायचे पैसे घ्यायचे नाहीत असं मंत्रालयाने ठणकावून सांगितलं, म्हणजे मनात आलं की सांगता येतं. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने सांगितलं की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकाच्या शेजारी सीट द्या आणि त्याची नोंद ठेवा. चांगला निर्णय, मनापासून सांगते. पण मग ज्याला स्वतःची गोळी पट्टीतून काढता येत नाही तो ७६ वर्षांचा असला तर त्याचं काय? अकरा वर्षांच्या मुलाला पाण्याची बाटली उघडता येते, माझ्या वडिलांना येत नाही.

कंपन्यांना पसंतीच्या सीटचे, सामानाचे, खाण्याचे वेगळे पैसे घ्यायची परवानगी तुम्हीच दिलीय, अट एवढीच की ते ऐच्छिक असावं. खिडकी हवी, पाय पसरायला जागा हवी, ती पसंती. घ्या पैसे. आजारी माणसाच्या शेजारी बसणं ही पसंती कशी झाली? ती गरज आहे, आणि गरजेला ऐच्छिक म्हणायचं आणि पैसे घेऊनही ती पुरवायची नाही, याला आमच्या घरी सरळ लूट म्हणतात.

कंपनीचं उत्तर आलं ते सांगते. "ऑपरेशनल कारणामुळे विमान बदलावं लागलं, सीटचे पैसे परत केले आहेत, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." खरंच परत केले, खात्यात जमा आहेत. संपलं त्यांच्या हिशोबी. म्हणजे त्यांनी काही विकलंच नव्हतं असं झालं. आणि त्या दोन तासांत बाबांचं जे झालं ते गैरसोय.

साहेब, मला राग याचाच येतो की सगळीकडे हीच पद्धत झालीय. आधी माणसाकडून त्याचं जे आहे ते काढून घ्यायचं आणि मग तेच थोडं थोडं करून विकायचं. सगळे एकाच तिकिटावर असले तरी आधी विखरून टाका, मग एकत्र बसायचे पैसे. रांग लांब होऊ द्या, मग प्रायॉरिटीचे पैसे. खाजगी हॉस्पिटलात हेच, शाळांच्या ॲडमिशनला हेच. आणि विचारायला गेलं की सरकार म्हणतं आम्ही भाडं ठरवत नाही, कंपन्या ठरवतात. खरंय, १९९४ मध्ये एअर कॉर्पोरेशन कायदा रद्द झाल्यापासून मोजके अपवाद सोडले तर असंच आहे. पण भाड्याचं कोण बोलतंय? तिकीट तुम्ही महाग करा, स्वस्त करा, माणसाला माणसासारखं न्यायचं की नाही हे तरी सरकार ठरवणार ना? तेही बाजारावर सोडलं असेल तर मग खातं कशासाठी आहे, मंत्री कशासाठी आहेत?

फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर ८० वर्षांचे एक गृहस्थ गेले. दोघा नवरा-बायकोनी व्हीलचेअर सांगितली होती, मिळाली एकच, तिला दिली, त्यांना थांबा म्हणाले. ते तिला एकटं सोडायला तयार नव्हते, सोबत चालत निघाले आणि इमिग्रेशनजवळ कोसळले. विमान कंपनीला ३० लाखांचा दंड झाला. त्यांनी काय मागितलं होतं? बायकोच्या सोबत राहायचं, एवढंच.

माझं मागणं फार नाही. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जो नियम केलात त्यात एक ओळ वाढवा, की व्हीलचेअर घेणाऱ्या किंवा डॉक्टरांचं पत्र असलेल्या प्रवाशाच्या शेजारी त्याच्या सोबत्याला पैसे न घेता सीट द्यायची, आणि विमान बदललं तरी ही जोडी तोडायची नाही, आधी यांना बसवायचं आणि मग बाकीच्यांचं बघायचं. कंपनीच्या कॉम्प्युटरला हे येत नाही असं मला कोणी सांगू नये, लहान मुलांचं येतं तर हेही येईल. दुसरं म्हणजे झडतीनंतर अशा माणसाजवळ त्याचा सोबती पोचेपर्यंत कोणीतरी उभं राहावं, त्याला बसायला खुर्ची द्यावी, त्याचा बेल्ट त्याच्या हातात द्यावा. याला सीटी मशीन लागत नाही.

डॉक्टरांनी बाबांना तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. बाबा म्हणतात मी येत नाही, फोनवर विचार काय विचारायचं ते. हे मी तुम्हाला उत्तरासाठी लिहिलेलं नाही, "आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवण्यात आले आहे" हे तर अजिबात पाठवू नका. परिपत्रक काढा, तीन महिन्यांच्या आत काढा, मी त्याची प्रत घेऊन काउंटरवर उभी राहीन.

आपली,
एक प्रवासी आणि एका प्रवाशाची मुलगी