चौकोनी डिसमिसवाल्या काकांना

काका, नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही, त्यामुळे हे तुमच्यापर्यंत पोचायची शक्यता शून्य, माहितीये मला. तुमचं नावसुद्धा नीट विचारलं नाही. एवढंच कळलं की तुम्ही नेब्रास्काचे आणि आयुष्यभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेत. तरी मराठीतच लिहितोय कारण हे बाबा वाचणार आहेत, आणि त्यांना समोरासमोर जे बोलायला जमलं नाही ते तुमच्या नावाने उरकून घेतो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेत आले होते, म्हणून जूनमध्ये सॉल्ट लेक सिटीहून मोटरहोम भाड्याने घेतली आणि यलोस्टोन पार्कला निघालो, जमिनीतून उकळत्या पाण्याचे फवारे उडतात ते गिझर बघायला. आईचे गुडघे, हॉटेलांचे रेट, आणि वर "घरच बरोबर असलं की निदान भाकरी तरी आपली" हा आईचा मुद्दा. गाडीत ओटा, फ्रीज, पलंग, संडास सगळं होतं आणि गॅसवर चालणारा ६ गॅलनचा, म्हणजे साधारण २३ लिटरचा वॉटर हीटर. आई त्याला अर्थातच गिझर म्हणायची. तर गिझर बघायला निघालो आणि पहिल्याच रात्री गिझर बिघडला. हा विनोद बाबांनी चार दिवसांत किमान पंधरा वेळा केला, पहिल्या दोन वेळा मी हसलो.

बिघडला म्हणजे बंद पडला असता तर परवडलं असतं. हा पेटायचा व्यवस्थित, बाहेरच्या जाळीतून फुर्रर्र आवाज यायचा, बिघाडाचा लाल दिवाही लागत नव्हता. पण नळाला पाणी कोमट, आणि मिनिटभरात तेही गार. आई पारोशी देवाला हात लावत नाही आणि बॅगेत पितळेचा गणपती घेऊन आलेली. मग टोपात पाणी तापवायचं आणि त्या कपाटाएवढ्या बाथरूममध्ये उभ्याउभ्या तांब्याने अंघोळ, पहाटे बाहेर तीन-चार डिग्री. आई कुरकुरली नाही, फक्त दुसऱ्या दिवशी केस पुसता पुसता म्हणाली, "त्यापेक्षा आपला बंब बरा होता रे, चार गोवऱ्या टाकल्या की सगळ्यांच्या अंघोळी व्हायच्या."

आणि बाबा पहिल्याच सकाळी नळाखाली हात धरून म्हणाले होते, "हीटर चांगलाय. गार पाणी घुसतंय कुठनं तरी."

बाबांनी एसटीच्या वर्कशॉपला ३४ वर्षं काढलीत. गाडी डेपोच्या गेटातून आत येताना नुसत्या आवाजावरून काय गेलंय ते सांगायचे. आणि मी त्यांना काय म्हणालो? "बाबा, इथलं सगळं वेगळं असतं, तुम्ही बसा ना निवांत, मी कंपनीला फोन लावलाय." बसा ना निवांत! ते बसले पण. खिडकीशी बसून बाहेर बघत राहिले.

कंपनीच्या हेल्पलाइनबद्दल काय बोलायचं. पहिल्या बाईंनी बंद करून दहा मिनिटांनी चालू करायला सांगितलं. दुसऱ्या साहेबांनी तेच. तिसऱ्याने सांगितलं की तुम्ही उंचावर आहात त्यामुळे गॅस नीट जळत नसेल, आणि चौथ्याने तर मलाच शिकवलं की सर, टाकी लहान आहे, तुम्ही पाणी जास्त वापरताय. चार जण, प्रत्येक वेळी पहिल्यापासून गोष्ट सांगायची, आणि तिकीट नंबर मात्र सगळ्यांनी अगदी प्रेमाने दिला. मग पार्कच्या बाहेरच्या गावात एका मेकॅनिकला गाठलं. त्याने बाहेरचं झाकण उघडलं, ज्योत बघितली, नळाला हातसुद्धा लावला नाही, थर्मोस्टॅट वीक आहे, पार्ट मागवावा लागेल, आठवडा लागेल म्हणाला आणि १८५ डॉलर घेऊन गेला. बाबा त्याच्या मागे उभे राहून पाइपाकडे बोट दाखवत होते, तर तो माझ्याकडे बघून म्हणाला, यांना जरा बाजूला व्हायला सांगा.

आणि मी सांगितलं, काका. मीच सांगितलं की बाबा, जरा बाजूला व्हा.

त्या दुपारी ओल्ड फेथफुल बघितला, तिथला सगळ्यात प्रसिद्ध गिझर. साधारण दीड तासाने एकदा उडतो, आम्ही बाकड्यावर वाट बघत बसलो आणि मग ते उकळतं पाणी उंच गेलं. जगातले जवळजवळ निम्मे गिझर या एका पार्कात आहेत, जमिनीतून वाफ आणि गरम पाणी येणाऱ्या जागा तर दहा हजारांच्या वर. तिथल्या उंचीवर पाणी ९३ डिग्रीलाच उकळतं हे मुलीने पाटी वाचून आजोबांना सांगितलं. आई म्हणाली, "आपल्याकडं तुरळला कुंडात उतरून अंघोळी करतात लोकं, आणि इथं बोट बुडवायची पण बंदी." एरवी बाबांनी यावर तो विनोद केलाच असता. त्या दिवशी नाही केला. तिथे माझ्या पोटात पहिल्यांदा कालवलं.

संध्याकाळी मॅडिसन कॅम्पग्राउंडला आलो. तिथे ना वीजजोडणी ना नळजोडणी, अंघोळीची सोय नाही, जे काय ते आपल्या गाडीतलं. मी बाहेर उभा राहून पाचव्यांदा हेल्पलाइन लावायला रेंज शोधत होतो, बहुतेक मराठीत शिव्या पण देत होतो, आणि तुम्ही शेजारच्या जुन्या गाडीतून उतरून विचारलंत, काय झालं. मी सांगितलं. तुम्ही माझं ऐकता ऐकता माझ्या मागे बघत होतात, दारात उभे असलेल्या बाबांकडे. बाबांनी नळ सोडल्यासारखा हात केला, मग दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घातली, आणि चक्क मराठीत म्हणाले, "मिसळतंय." तुम्ही मान हलवलीत. तुम्हाला कळलं. अर्ध्या मिनिटात.

तुम्ही आत आलात, पलंगाखालच्या फळीपाशी बसलात आणि खिशातून डिसमिस काढलात. (स्क्रूड्रायव्हरला आमच्याकडे वर्कशॉपमध्ये डिसमिस म्हणतात, का ते मला विचारू नका.) त्या गाड्यांचे स्क्रू चौकोनी खाचेचे असतात, आमच्याकडचा चपटा किंवा फुलीचा तिथे चालतच नाही. मी हात पुढे केला, कारण भाषा मला येते, गाडी माझ्या नावावर आहे, पैसे मी भरलेत. तुम्ही माझ्या हाताकडे बघितलंसुद्धा नाहीत. डिसमिसचं टोक पँटला पुसलंत, उलटा केलात आणि मूठ पुढे करून बाबांना दिलात.

बस्स, एवढंच केलंत. पण असं मूठ पुढे करून हत्यार कोण कोणाला देतं हे वर्कशॉपमध्ये राबलेल्या माणसाला बरोबर कळतं. हेल्परला देताना कोणी पुसून देत नाही. बाबांनी तो घेतला, टोकावरून अंगठा फिरवला, "चौकोनी हाय की," म्हणाले आणि गुडघे दुखतात हे विसरून खाली बसले. चार दिवसांत पहिल्यांदा मला त्यांची ती जुनी पाठ दिसली, लहानपणी डेपोत डबा द्यायला गेलो की बसच्या खाली दिसायची ती.

पुढचं सगळं कसं झालं ते लिहीत बसत नाही, मला अर्धं कळलंही नाही. तुम्ही आधी हिवाळ्यातला व्हॉल्व्ह बघितलात, थंडीत हीटर रिकामा ठेवून पाणी परस्पर वळवायचा असतो तो, तो बरोबर होता. मग हीटरमध्ये येणारं गार पाणी तुम्ही बंद केलंत आणि मला गरम पाण्याचा नळ सोडायला सांगितलंत. हीटरचं पाणीच बंद, म्हणजे नळाला थेंब यायला नको. धो धो आलं. तुम्ही बाबांकडे बघितलंत, बाबा म्हणाले "बघ!", तुम्ही इंग्लिशमध्ये काहीतरी म्हणालात आणि दोघं असे हसलात की आई पडदा सारून बघायला आली. तुम्ही इंग्लिश बोलत होतात, ते सांगलीचं मराठी, आणि एकदाही कोणी कोणाशी हळू किंवा मोठ्याने बोललं नाही. मला दुभाषा म्हणून मध्ये पडायची फार इच्छा होती, कोणी पडू दिलं नाही.

मग तुम्ही बाहेर जाऊन गाडीच्या कुशीतलं ते छोटं झाकण उघडलंत, ज्यात पाय धुवायचा बाहेरचा शॉवर असतो. दोन्ही नळ उघडे, फक्त शॉवरच्या तोंडाचं बटण बंद. म्हणजे गार आणि गरम पाणी तिथे चार दिवस सुखाने एकमेकांत मिसळत होतं. नळाच्या चकतीवर वाळका चिखल. तो चिखल कोणाचा ते मला लगेच आठवलं, पहिल्या दिवशी वाटेत मुलीचे बूट मीच धुतले होते आणि बटण दाबून, झालं बंद, म्हणून निघालो होतो. तुम्ही चिखलाकडे बघितलंत, माझ्या तोंडाकडे बघितलंत, दोन्ही नळ पिळलेत आणि म्हणालात, मी पण केलंय हे, दोनदा. खरं की खोटं देव जाणे. बाबा मात्र काहीच म्हणाले नाहीत, आणि त्यांच्या अशा न बोलण्याची भीती मला पाचवीपासून आहे.

पाणी तापेपर्यंत अर्धा तास आईने आल्याचा चहा केला, चिवडा काढला. तुम्ही चहाला दुसऱ्यांदा कप पुढे केलात तेव्हा आईने तुम्हाला कायमचं पास केलं. मी पैशांचा विषय काढला तर तुम्ही असं बघितलंत की मी पाकीट परत खिशात टाकलं. नंतर आई अंघोळ करून बाहेर आली, लालबुंद, आणि म्हणाली, "बंबाचं पाणी वाटलं अगदी." गणपतीची त्या दिवशी दुसऱ्यांदा पूजा झाली.

तेव्हापासून मी विचार करतोय काका, की त्या चार फोनवाल्यांपेक्षा आणि १८५ डॉलरवाल्यापेक्षा तुम्हाला वेगळं असं काय येत होतं? व्हॉल्व्ह त्यांनाही माहीत असणार, रोजचा धंदा आहे त्यांचा. पण दारातला म्हातारा काहीतरी सांगतोय तर ऐकून घ्यावं, एवढं त्यांना सुचलं नाही. आणि त्यांना काय नावं ठेवू, घरचा असून मला सुचलं नाही. आमच्या गल्लीत एक सायकलवाले अण्णा होते, पंक्चर काढताना आम्हा पोरांना विचारायचे, "कुठं फुसफुसतंय वाटतं तुला?" त्यांना माहीत असायचं, तरी विचारायचे. तुम्ही त्या जातकुळीतले. अशी माणसं अजून आहेत आणि ती कुठल्याही गावात, कुठल्याही भाषेत निघतात, म्हणून बरं चाललंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उठायच्या आत तुमची गाडी गेली होती. आमच्या पायरीवर तो डिसमिस ठेवलेला, चिठ्ठी नाही, काही नाही. बाबांनी तो विमानात मोठ्या बॅगेत, स्वेटरमध्ये गुंडाळून सांगलीला नेला. आता त्यांच्या हत्यारांच्या पेटीत वरच्या कप्प्यात असतो, पोरासोरांना हात लावू देत नाहीत. अडचण एकच, घरात काय, अख्ख्या गल्लीत चौकोनी खाचेचा स्क्रू सापडत नाहीये. परवा फोनवर म्हणाले, "तिकडनं येताना मूठभर स्क्रू आण की." दोन पाकिटं आणून ठेवलीयेत, दिवाळीला घेऊन जातोय.

तुमचा,
शेजारच्या गाडीतला, चिखलाचे बूट धुणारा