शिक्षकाला दोष देण्याआधी त्याची बी.एस्सी. बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हायस्कुलातले विज्ञान शिक्षक प्रयोग दाखवत नाहीत, अशी तक्रार करणारा लेख कालच्या अंकात वाचला. तक्रार खरी आहे. पण सगळं खापर वर्गातल्या शिक्षकाच्या माथी फोडून लेखक मोकळे झाले, याची चीड आली. हा शिक्षक घडतो कुठे, ते त्यांनी आधी बघायला हवं होतं.

माझी सगळी नोकरी देवगड तालुक्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवण्यात गेली. आमच्या शाळेत बी.एड.चे छात्राध्यापक यायचे. त्यातली एक मुलगी अजून डोळ्यांसमोर आहे. फिजिक्स घेऊन बी.एस्सी., पहिला वर्ग. ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा पाठ घेत होती. टाचण चोख, फळा सुरेख. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, “बाई, बल्ब पेटताना करंट खर्च होतो ना? मग परतीच्या वायरीत तो कमीच असणार.”

याहून चांगला प्रश्न त्या धड्यावर कोणी विचारू शकत नाही. बल्बच्या अलीकडे करंट मोजणारा एक अ‍ॅमीटर, पलीकडे एक. दोन्ही काटे एकाच आकड्यावर थांबले की पोराला कळतं, करंट तेवढाच राहतो, रूपांतर होतं ते ऊर्जेचं. दोन्ही अ‍ॅमीटर कपाटात होते. बाईंनी ओहमच्या नियमाचं सूत्र लिहिलं आणि “परीक्षेला एवढंच येतं” म्हणून पुढे गेल्या. मधल्या सुट्टीत मी अ‍ॅमीटर तिच्या हातात दिला, तर ती तो बल्बला समांतर जोडायला लागली. करंट मोजायला तो एकसरीत, म्हणजे करंटच्या वाटेतच जोडायचा असतो; समांतर जोडला तर जळू शकतो. वेळीच थांबवलं. रडवेली होऊन म्हणाली, “सर, कॉलेजात सर्किट जोडून ठेवलेलंच असायचं. आम्ही फक्त रीडिंग घ्यायचो आणि जर्नल पुरं करायचो.”

हुशार मुलगी होती. हायड्रोजन अणूसाठी क्वांटम भौतिकीतलं श्रोडिंजरचं समीकरण सोडवून आलेली. दहावीच्या पोराचा प्रश्न मात्र तिला पदवीच्या तीन वर्षांत कोणी विचारला नव्हता. कॉलेज म्हणतं, शिकवायचं कसं ते बी.एड.वाले बघतील. बी.एड.वाले म्हणतात, विषय तर बी.एस्सी.ला झालाच आहे. पुढे शिक्षक भरतीच्या 200 गुणांच्या चाचणीत अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता तपासतात, विषयाचा पेपरच नाही. मग त्या मुलीला कोणी आणि कधी पारखायचं?

ज्याला शिक्षक व्हायचंय त्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासूनच आठवड्यातून एकदा जवळच्या शाळेत पाठवा. आठवी ते दहावीचे प्रयोग त्याने स्वतःच्या हाताने मांडावेत, मुलं काय चुकीचं समजतात ते वहीत टिपावं आणि प्राध्यापकांनी त्याला मार्क द्यावेत. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते म्हणून दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात; ते अंगावर घेणारी आमची पोरं त्यामागच्या विशिष्ट उष्माधारकतेची नुसती व्याख्या घोकतात, ही लाजेची गोष्ट आहे. भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत बी.एस्सी. आणि बी.एड. एकत्र शिकवायला लागून कित्येक वर्षं झाली. कोकणातल्या मुलाने त्यासाठी भोपाळ गाठायचं का? चार वर्षांची पदवी आता आपल्याकडेही आली आहे. ही तयारी त्यातच बसवा.

आणखी एक. 18 ऑगस्ट आला की लॉकयर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असं वृत्तपत्रांतून छापून येतं. 1868 साली त्या तारखेला खग्रास सूर्यग्रहण होतं, पण त्या दिवशी लॉकयर हिंदुस्थानात नव्हताच. जान्सेन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने ते ग्रहण गुंटूरहून पाहिलं. लॉकयरने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये इंग्लंडातून पाहिली, तीही ग्रहण नसताना. मुलं ही कात्रणं वर्गात घेऊन येतात आणि अर्धवट तयारीचा शिक्षक तीच मोठ्याने वाचून दाखवतो. पुढच्या ऑगस्टमध्ये निदान आपल्या अंकात तरी हे बरोबर छापा.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, देवगड