एका बाजूचा गुडघा

फोंडा, गोवा
१० सप्टेंबर २०२५

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र चवथीच्या आदल्या दिवशी हाती पडले. घरभर माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचे, सामान पसरलेले असल्यामुळे तेव्हा उत्तर लिहिणे जमले नाही, आणि खरे सांगायचे तर काही निश्चित सांगण्यासारखे हाती येईपर्यंत थांबावे असेही मनात होते. आज माझ्या शस्त्रक्रियेला बारा आठवडे पूर्ण झाले. सगळा गुडघा न बदलता एकच बाजू बदलून भागते का, आणि त्यानंतर माणूस किती दिवसांत पूर्ववत हिंडूफिरू लागतो, असे दोन प्रश्न तू विचारले आहेस. दुसऱ्याचे उत्तर मला आता थोडेफार ठाऊक झाले आहे. पहिल्याचे उत्तर तुझ्या एक्स-रेनेच द्यायचे आहे.

गुडघ्यात तीन कप्पे असतात: आतल्या बाजूचा, बाहेरच्या बाजूचा आणि वाटीमागचा. माझ्या उजव्या गुडघ्याचा आतला कप्पा इतका झिजला होता की उभे राहून काढलेल्या एक्स-रेत हाडाला हाड टेकलेले दिसत होते. उरलेले दोन कप्पे मात्र चांगले होते आणि गुडघ्याच्या मधोमध एकमेकांना छेदून जाणारे दोन्ही अस्थिबंध शाबूत होते. असे असले तरच पार्शल, म्हणजे एकच बाजू बदलण्याच्या, शस्त्रक्रियेचा विचार होतो. झीज सगळीकडे पसरली असेल किंवा अस्थिबंध निकामी झाले असतील, तर पूर्ण गुडघा बदलणेच रास्त ठरते, मग रुग्णाची हौस काहीही असो. म्हणून आधी तुझा एक्स-रे झोपवून काढला की उभा करून, ते पाहा. झोपून काढलेल्या चित्रात सांध्यावर अंगाचा भार नसल्याने झीज आहे त्याहून कमी भासू शकते.

माझ्या झिजेचे मूळ तुला ठाऊकच आहे, कारण तू त्या दिवशी गोलमध्ये उभा होतास. १९८६ च्या त्या पावसाळी सामन्यात माझा बूट चिखलात रुतून राहिला आणि अंग मात्र चेंडूच्या दिशेने वळले. गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटली. आणि तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे ती पूर्णच काढून टाकण्यात आली. गादी काढलेल्या गुडघ्यात पुढे कोणते बदल होतात ते फेअरबँक नावाच्या ब्रिटिश शल्यविशारदाने १९४८ मध्येच लिहून ठेवले होते, तरी तो रिवाज त्यानंतर कित्येक वर्षे चालू राहिला. मी तिसऱ्या महिन्यात पुन्हा खेळू लागलो म्हणून सर्वांनी माझी पाठ थोपटली होती. त्या कौतुकाचे बिल एकोणचाळीस वर्षांनी आले. आता माझ्या गुडघ्यात मांडीच्या हाडाच्या आतल्या टोकावर धातूची टोपी आहे, नडगीच्या हाडावर धातूची पातळ बैठक आहे आणि दोहोंच्या मध्ये पॉलिथिलीनची सरकती चकती आहे. ऑक्सफर्डच्या गुडफेलो आणि ओ'कॉनर या दोघांनी १९७० च्या दशकात ही रचना काढली, आणि त्या चकतीने काम करायचे ते नेमके मेनिस्कसचेच. लहानपणी काढून टाकलेली गादी उतारवयात प्लॅस्टिकची होऊन परत आली म्हणायची.

या शस्त्रक्रियेत हाड कमी कापले जाते, स्वतःचे अस्थिबंध राहतात, त्यामुळे गुडघा आपलाच वाटतो आणि माणूस लवकर उठतो, हे सगळे खरे आहे. त्याचबरोबर हेही ऐकून ठेव, की पूर्ण बदललेल्या गुडघ्यांच्या मानाने पार्शल गुडघ्यांवर पुढे दुसरी शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण अधिक आहे, असे अनेक देशांच्या नोंदी सांगतात. डॉक्टरांनी हे मला आधीच स्पष्ट सांगितले आणि मी ते पत्करले. कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातल्यापासून सांध्याच्या किमतीची धास्ती बरीच कमी झाली आहे. इस्पितळाची खोली आणि इतर खर्च मात्र वेगळा धर.

१८ जूनला सकाळी कमरेत सुई देऊन शस्त्रक्रिया झाली आणि त्याच संध्याकाळी वॉकर धरून मी खोलीच्या दारापर्यंत जाऊन आलो. दुखत असे काहीच नव्हते. भेटायला आलेल्या मेहुण्याला मी मोठ्या तोऱ्यात म्हटलेसुद्धा की लोक उगाच बाऊ करतात. नस बधिर करणाऱ्या इंजेक्शनचा तो प्रताप होता, हे दुसऱ्या रात्री समजले. त्या रात्री दोन वाजता परिचारिकेने बर्फाची पिशवी बदलली, गोळी दिली आणि मी काही विचारण्याआधीच तिने सांगितले, की दुसरी रात्र सगळ्यांना अशीच जाते. तुझ्यावर वेळ आली तर पहिल्या दिवसाच्या भरवशावर कोणाजवळ बढाई मारू नकोस.

सर्वांत जास्त धक्का मला दुखण्याने दिला नाही. तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, "पाय सरळ ठेवून टाच गादीवरून वर उचला." मी मनात पाय उचलला, प्रत्यक्षात तो जागचा हलला नाही. मांडीचा जो स्नायू चाळीस वर्षे चेंडू मारत आला, तो माझ्याकडे ओळख नसल्यासारखा पडून होता. सुजलेला गुडघा त्या स्नायूला जणू कुलूप घालतो, असे बाईंनी समजावले. मग गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचे, असे दिवसातून कित्येकदा सुरू झाले. घरी आल्यावर पाचव्या दिवशी टाच चार बोटे वर आली, तेव्हा मी पत्नीला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावले. तिने पाहिले, "बरें," म्हटले आणि ती कढीकडे परत गेली.

घरी माझ्या हातून पहिली चूक झाली ती उशीची. गुडघ्याखाली उशी घेतली की इतका आराम वाटतो की ती काढवत नाही, आणि नेमके तेच करायचे नसते, कारण गुडघा किंचित वाकलेल्या स्थितीत आखडून बसतो. उशी घ्यायचीच असेल तर ती टाचेखाली घ्यावी, म्हणजे गुडघा स्वतःच्या वजनाने सरळ होतो. त्यात दहा मिनिटे काढताना दात आवळावे लागतात. वाकणे पुढेमागे येते, पण पूर्ण सरळ होणे एकदा हुकले की माणूस कायमचा लंगडतो, हे बाईंचे वाक्य मी पलंगासमोरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले होते.

आमच्या सोप्यापासून अंगणापर्यंत चिऱ्याच्या पाच पायऱ्या आहेत आणि जून-जुलैत त्यांच्यावर शेवाळ धरते, हे तुला आठवत असेल. चढताना चांगला पाय आधी टाकायचा आणि उतरताना दुखरा आधी, हा नियम माझ्या डोक्यात राहीना, म्हणून नातीने एका पायाला शहाणा आणि दुसऱ्याला दुखरा अशी नावे ठेवली आणि मी पायरीवर आलो की ती आतून ओरडत असे. पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, पहिले तीन आठवडे पाव सोप्यावर आणून दिले. येताजाता शेजारी विचारत, "वाटी बदल्ली मू?" वाटीला कोणी हातसुद्धा लावलेला नाही, हे सांगून सांगून मी अखेर "हय" म्हणू लागलो.

आता मुख्य गोष्ट सांगतो, कारण तू माझ्याच जातीचा आहेस. आपल्यासारख्या खेळलेल्या माणसांना व्यायाम कर म्हणून सांगावे लागत नाही. थांब म्हणून सांगावे लागते, आणि तेच आपण ऐकत नाही. चाळिसाव्या दिवशी, श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, मला इतके ठीक वाटत होते की घरी थांगपत्ता लागू न देता मी बसने म्हार्दोळला उतरलो, तिथून चालत मंगेशीला गेलो, ओल्या फरशीवर अनवाणी रांगेत उभा राहिलो आणि चालतच परत आलो. वाटेत काहीही दुखले नाही. संध्याकाळी पाहतो तो वाटीच्या कडा सुजेत बुडून गेलेल्या. त्या दिवसांत मी पत्नीच्या शिवणाच्या टेपने वाटीभोवतीचा घेर सकाळ-संध्याकाळ मोजत असे. एरवी फरक एक सेंटिमीटर पडे, त्या दिवशी तीनहून जास्त पडला. आदल्या आठवड्यात ११२ अंशांपर्यंत वाकणारा गुडघा ९५ वर अडकला आणि पुन्हा ११२ पाहायला मला सोळा दिवस लागले. फोनवर बाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त पोटरी दुखते का, श्वास लागतो का, ताप आहे का, एवढे विचारून घेतले, कारण पायात रक्ताची गाठ होण्याची किंवा जंतुसंसर्गाची शंका आधी दूर करावी लागते. तशी लक्षणे असती तर त्याच रात्री इस्पितळ गाठावे लागले असते. तेव्हापासून मी चालतानाच्या दुखण्यावर विश्वास ठेवत नाही. संध्याकाळची टेप आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ काय सांगते, त्यावर उद्याचे चालणे ठरवतो.

सध्या गुडघा १२५ अंश वाकतो. सहाव्या आठवड्यानंतर डॉक्टरांना विचारून मोटार चालवू लागलो. उजव्या पायाने ब्रेक जोरात दाबता येतो की नाही, ते आधी बंद गाडीत बसून पाहिले. स्कूटर अजून घेतलेली नाही, कारण ओल्या उतारावर पाय टेकवायची वेळ आली तर तो हटकून उजवाच टेकणार. घरातली स्थिर सायकल रोज अर्धा तास चालते आणि पुढच्या महिन्यापासून पोहायला परवानगी आहे. जखमेच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढा भाग बधिर आहे; तिथली बारीक नस कापली जातेच, आणि तो प्रदेश हळूहळू आकसेल पण कदाचित पूर्ण जाणार नाही. रात्री हात लावला तर गुडघा अजून कोमट लागतो. जिना उतरताना कधीकधी आत टक् असा आवाज येतो, जो मला ऐकू येतो आणि पत्नीला येत नाही.

चवथीला मात्र जड गेले. माटोळी बांधायला शिडीवर यंदा पुतण्या चढला आणि मी खालून चुका काढल्या. भजनाला सगळे चटईवर मांडी घालून बसलेले आणि मी एकटा खुर्चीवर, एखाद्या प्रमुख पाहुण्यासारखा. गुडघे टेकून नमस्कार करू गेलो तर व्रणावर असा काही दाब आला की अर्ध्यातून उठलो.

फुटबॉलचे तू विचारले नाहीस. बहुधा मुद्दामच विचारले नाहीस. चालणे, पोहणे, सायकल, सपाटीवरची भटकंती, सगळ्याला होकार मिळाला आहे. धावणे, उड्या आणि एकदम वळणे नको, असे डॉक्टर म्हणाले, आणि त्या तिन्ही गोष्टी वजा केल्या तर उजव्या विंगला राहते काय? रविवारी खेळणाऱ्या मंडळींनी मला पंचाची शिट्टी देऊ केली आहे. मी अजून हो म्हटलेले नाही, कारण पंचालाही धावावे लागते आणि त्या मंडळींतल्या काहींचे ऑफसाइड मला बसल्या जागेवरून दिसतात.

तू दिवाळीच्या आधी चार दिवस येऊन जा. उभे राहून काढलेला एक्स-रे बरोबर आण, दोन्ही गुडघ्यांचा. माझा जुना आणि नवा शेजारी ठेवून पाहू. कोकणकन्येचे तिकीट काढताना लोअर बर्थ मिळेल तेव्हाचेच काढ, आणि पायऱ्यांची काळजी करू नकोस, शेवाळ मी खरवडून घेतले आहे. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
उजवी विंग