विद्यापीठाचे नाव आणि विभागाचा लौकिक

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. एका बाजूला सर्वांच्या तोंडी ज्याचे नाव आहे असे विद्यापीठ आणि दुसऱ्या बाजूला तुझ्या विषयात अव्वल मानला जाणारा, पण विषयाबाहेर कोणाला फारसा ठाऊक नसलेला विभाग, अशा पेचात तू सापडला आहेस. या दोहोंत श्रेष्ठ कोण, हे मी सांगावे अशी तुझी अपेक्षा दिसते. मला मात्र त्याआधी तुलाच एक विचारावेसे वाटते: तुझी पदवी पुढे कोण पाहणार आहे? नाव ऐकून मान देणारी माणसे आणि काम वाचून मान देणारी माणसे निरनिराळी असतात, आणि तुझा निर्णय बहुतांशी यावरच ठरायला हवा.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठाचेच पाहा. तेथे पदवीपूर्व शिक्षण नाही, खेळाचे संघ नाहीत, त्यामुळे सामान्य माणसाच्या कानावर ते नाव क्वचितच पडते. पण जीववैद्यकीय संशोधनात तेथील अनेक शास्त्रज्ञांना नोबेल मिळालेले आहे. तत्त्वज्ञानात अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठ किंवा शेतीशास्त्रात नेदरलँड्समधील वाखेनिंगेन यांचे जे वजन त्या विषयातील लोक मानतात, ते बाहेरच्यांच्या गावीही नसते. उलट अमेरिकेतील नामांकित प्रिन्स्टन विद्यापीठामध्ये वैद्यकीय महाविद्यालय नाही आणि विधी महाविद्यालयही नाही, तरी केवळ नावाच्या वजनावर ती तेथे असतीलच, असे कोणी धरून चालले तर मला नवल वाटणार नाही.

आता क्रमवारीविषयी, कारण तू तिचा दाखला मोठ्या विश्वासाने दिला आहेस. जगभरातील विद्यापीठांचा दरवर्षी क्रम लावणाऱ्या क्यूएस या संस्थेच्या यादीत शैक्षणिक प्रतिष्ठेला पूर्वी ४० टक्के भार होता, २०२४ च्या आवृत्तीपासून तो ३० टक्के झाला; आणि ही प्रतिष्ठा मोजली जाते ती प्राध्यापकांना त्यांच्या क्षेत्रातील उत्तम संस्था कोणत्या, असे विचारून. ज्याने एखाद्या दूरच्या विभागाचे अलीकडचे काम वाचलेले नाही, तो अशा वेळी ओळखीचे नावच लिहिणार, हे उघड आहे. म्हणजे ज्याला आपण प्रतिष्ठा म्हणून वाचतो, त्यात नावाचा बराच अंश आधीच मिसळलेला असतो. विद्यापीठांची २००३ मध्ये सुरू झालेली दुसरी जागतिक क्रमवारी, म्हणजे शांघायची यादी, असे मत विचारत नाही, ती नोबेल आणि शोधनिबंध मोजते. पण जुन्या पारितोषिकांमुळे तुला उद्या कोण शिकवणार हे कळत नाही. शिवाय आकडे विद्यापीठच पुरवते तेव्हा काय होऊ शकते, हे २०२२ मध्ये दिसले. कोलंबिया विद्यापीठाच्याच एका गणिताच्या प्राध्यापकाने तेथील आकडेवारीवर शंका घेतली आणि अमेरिकेतील एका प्रसिद्ध यादीत ते दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर आले. तेथील वर्ग आणि प्रयोगशाळा त्या काळात अर्थातच होत्या तशाच होत्या.

पगाराचा मुद्दाही तू काढला आहेस. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सारख्याच महाविद्यालयांनी स्वीकारलेल्या वा नाकारलेल्या विद्यार्थ्यांची तुलना केली, तेव्हा अधिक निवडक महाविद्यालयात गेल्याने पुढची कमाई सरसकट वाढल्याचे दिसले नाही. गरीब घरांतील विद्यार्थ्यांना मात्र त्याचा लाभ झाला. तो अभ्यास अमेरिकेतील पदवी शिक्षणापुरता आहे, तरी एक गोष्ट त्यातून घेण्याजोगी आहे. ज्याच्या घरी ओळखीपाळखी नाहीत त्याला मोठ्या नावाने दार उघडते, म्हणून नाव ही निव्वळ दिखाऊ गोष्ट आहे असे मी म्हणणार नाही. तू विषय सोडून व्यवस्थापनात किंवा सल्लागार कंपनीत जाणार असतास, तर मी डोळे झाकून नाव घे म्हटले असते.

पण तुला पीएचडी करून संशोधनातच राहायचे आहे, तेव्हा माझे मत त्या विभागाच्या बाजूने आहे. मात्र त्याचीही झाडाझडती घेतल्याशिवाय होकार कळवू नकोस. विभागाचा लौकिक पुष्कळदा दोन-तीन माणसांवर उभा असतो आणि ती माणसे निवृत्त झाली किंवा दुसरीकडे गेली, तरी लौकिक मागे काही वर्षे रेंगाळतो. तुझे संभाव्य मार्गदर्शक आणखी किती वर्षे तेथे आहेत, ते सध्या नवे विद्यार्थी घेत आहेत का, त्यांच्या विद्यार्थ्यांची पीएचडी किती वर्षांत पूर्ण होते, मध्येच सोडून किती जण जातात आणि पूर्ण करणारे पुढे कोठे लागतात, हे त्यांच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनाच विचार. सोडून गेलेल्यांपैकी एखादा बोलायला तयार झाला, तर त्याच्याशी आधी बोल. शिष्यवृत्ती शेवटच्या वर्षापर्यंत पुरते का, हेही लेखी घे, कारण या बाबतीत तोंडी आश्वासने फार उदारपणे दिली जातात.

हीच चौकशी त्या नामांकित विद्यापीठातही कर. तेथे तुझ्या विषयाचा एक जरी मार्गदर्शक तुझे काम मनापासून पाहणारा निघाला, तर माझे मत बदलू शकेल. दोन्हीकडच्या मार्गदर्शकांचे गेल्या पाच वर्षांतील शोधनिबंध मला पाठव. होकार कळवण्याच्या मुदतीआधी ते वाचून मला काय वाटते ते तुला कळवीन.

तुझा स्नेही